पश्चिमेची भिंत

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या माझ्या या सहकारी सरांइतका उन्हाशी उभा दावा मांडलेला माणूस जुन्नर-आंबेगावात दुसरा सापडायचा नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला तळहात लावणार, मग चपला काढणार. इमारतीत ऊन किती शिरेल, पंख्या-एसीला वीज किती लागेल, हे बांधायच्या आधीच संगणकावर दाखवणारं सॉफ्टवेअर ते मुलांना शिकवतात, आणि त्यातून मांडव, गोठे, कांद्याच्या चाळी, काहीच सुटत नाही. खोडदला एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि नवरदेवाच्या कानात म्हणाले, "तोंड चुकलंय." मांडवाचं, असं सांगेपर्यंत तो बिचारा नवरीकडे बघून घामाघूम झाला होता. एका पत्र्याच्या घरी त्यांनी पुढ्यातला चहा सोडून लॅपटॉप उघडला आणि संगणकातल्या छपरावर उसाचं पाचट पसरायला घेतलं, तेव्हा घरमालक म्हणाला, "राव, आदी च्या घ्या. छप्पर काय पळून जातंय व्हय?"

वारूळवाडीतलं स्वतःचं घरही त्यांनी आधी संगणकातच बांधलं. वहिनी आंबेगावच्या डोंगरातल्या, भातखाचरांच्या गावच्या. त्यांचं मागणं एकच होतं, पश्चिमेला मोठी खिडकी. "अहो, तिथनं आमचे डोंगर दिसतील." सरांनी खिडकी टाकली, आकडा बघितला, खिडकी काढली. "दुपारी भट्टी होईल गं." वहिनी दर उन्हाळ्यात विचारायच्या, सर दर उन्हाळ्यात तेच गणित उघडून दाखवायचे. घर खरंच गार होतं. त्याच गार घरात वहिनींनी अंथरूण धरलं, आणि आम्हाला दुखण्याचं नाव नीट कळायच्या आत त्या गेल्या. शेवटचे दिवस पलंगावर पडून त्या कोरी भिंत बघत असायच्या.

तेरावं उरकलं आणि सरांनी गवंडी बोलावून ती भिंत फोडली.

यंदा वर्गात त्यांनी नेहमीसारखं आपलंच घर उदाहरणाला घेतलं. मी सहज मागे जाऊन बसलो होतो. आणे गावची एक मुलगी संगणकावरून मान वर करून म्हणाली, "सर, ह्या खिडकीनं घर लई तापतंय. काढू का?"

"नको. राहू दे."

घरात राहतात किती जण, हेही त्या सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, कारण माणसाच्या अंगाची ऊबही हिशेबात धरतात. तिनं विचारलं, "माणसं किती टाकू, सर?"



"दोन टाक," सर म्हणाले.