टी नंतरचा एच

सुरुवातीला नाव घ्यायचं ते माझ्या थोरल्या बहिणीचं, सुशीलाआक्काचं. निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबून तिनं मला शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो तिच्यामुळे. शाळेत माझं नाव घालायलाही तीच आली होती. मास्तरांनी दाखल्यावर इंग्रजीत 'मारुती' लिहिताना टी नंतर एच घातला, कारण कर्नाटकात 'त' तसाच लिहितात. पुढे कोल्हापूरच्या कॉलेजात हजेरी सुरू झाली की सगळा वर्ग "मारुथी, मारुथी" करून हसायचा. सुट्टीत घरी आलो की नाव दुरुस्त करून घेऊ म्हणून मी आक्काच्या मागे लागायचो. ती म्हणायची, "हाय त्ये ऱ्हाऊ दे रं. हाक मारल्यावर ओ देतोस न्हवं?"

ते नाव तसंच राहिलं, हे किती बरं झालं, हे मला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कळलं. बेळगावातल्या वडगावच्या एका मुलीचं ते प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे.

मी तेव्हा बेळगावात एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी संपवून टपाल बघत असताना कोल्हापूरच्या एक शिक्षिका तक्रार अर्ज घेऊन आल्या. वडगावच्या विणकर मुलीच्या वेबसाइटवर त्यांनी साडीचे पैसे भरले होते. साडी आली नव्हती आणि साइटवरचा फोन बंद होता. "मुलीचा फोटो आहे त्यावर. तिच्यावर गुन्हा दाखल करा," असं त्यांनी ठामपणे सांगितलं.

मुलीला बोलावलं. ती वडिलांना घेऊन आली. घरात दोन हातमाग, आणि घरातली पहिली पदवीधर ती. हातात पैसा नसताना तिनं मोबाइलवर शिकून फुकटची वेबसाइट उभी केली होती. फुकट असल्यामुळे तिच्या पत्त्याला त्या कंपनीच्या नावाची लांब शेपूट होती. गल्लीतल्या बायकांनी विणलेल्या साड्यांचे फोटो तिनं त्यावर टाकले होते. बाईंनी पैसे भरले ती साइट मात्र दुसरी होती. साड्या त्याच, फोटो तेच, पण पत्ता आखूड, शेपटीशिवायचा. असा पत्ता, म्हणजे डोमेन, विकत घ्यावा लागतो.

आमच्या सब-इन्स्पेक्टरला शंका नव्हती. फुकटची साइट दाखवायला आणि दुसरी पैसे गोळा करायला, दोन्ही हिच्याच, असं त्याचं म्हणणं. तर्क चुकीचा म्हणता येत नव्हता. वडील एकच सांगत होते की पोरीचं नाव गुन्ह्यात चढलं तर गल्लीतलं कुणी तिच्या हातात साडी देणार नाही. मुलगी रडली नाही. "साहेब, नाव लिहायच्या आधी नीट बघा एवढंच," म्हणाली.

मी दोन्ही पत्ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतले आणि बघत बसलो. वेबसाइटमधलं मला काही कळत नव्हतं. पण 'हातमाग' हा शब्द मुलीच्या पत्त्यात टी नंतर एच घालून लिहिला होता, आणि दुसऱ्या पत्त्यात तो एच नव्हता. मी बाईंना विचारलं, पत्ता तुम्हाला कुठून मिळाला? कोल्हापुरातल्या प्रदर्शनात मुलीनं तोंडी सांगितला होता. घरी जाऊन त्यांनी आपल्या सवयीनं टाइप केला, शेपूट विसरून आणि एच न घालता, आणि ती खोटी साइट उघडली.

मुलीला मी सुती, पोत, तलम असे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगितले. 'त' आला की एच आलाच. स्वतःच्या ज्योती नावातही.

"साहेब, स्पेलिंग हा पुरावा नाही," सब-इन्स्पेक्टर म्हणाला.

बरोबर होतं. पण तपास कुठल्या बाजूला न्यायचा ते कळलं होतं. ज्यानं डोमेन घेतलं तो कोगनोळीच्या नाक्यापलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात शिकलेला असणार. गुन्ह्याची नोंद मी अनोळखी इसमाविरुद्ध घेतली. बँकेकडून माहिती आली तेव्हा खातं नाक्यापलीकडच्याच एका गावातलं निघालं. खातेदार कॉम्प्युटर क्लास चालवायचा. मुलीनं नाव ऐकताच ओळखलं. बिनखर्चात वेबसाइट कशी करावी हे शिकवणाऱ्या एका ग्रुपवर त्यानं तिला मदत केली होती आणि 'तपासायला' म्हणून सगळे फोटो मागून घेतले होते.

तिकडच्या पोलिसांच्या मदतीनं त्याला चौकशीला आणलं. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. सगळं मुलीच्याच सांगण्यावरून केलं, डोमेनचं नावही तिनंच सांगितलं, आपण फक्त कारागीर, असं तो म्हणत राहिला. पैशांच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं. खोटं बोलणारा माणूस पैशांच्या प्रश्नाची तयारी करून येतो. आपल्या शहाणपणाविषयी कुणी विचारील, असं त्याला वाटत नाही. मी फाइल मिटली आणि चहा मागवला.

"पोरगी हुशार दिसते," मी म्हणालो. "सगळं स्वतः शिकली."

त्याला ते सोसलं नाही. "कसली हुशार सायेब? साधा 'हात' लिवता येत न्हाय. टी फुडं एच घालती. म्या धा येळा सांगितलं, एच काढ, लोक हसतील. ऐकलीच न्हाय. म्हनं आमच्यात असंच लिवत्यात."

"ऐकलीच नाही?"

"न्हाय की."

"मग एच नसलेलं नाव तिनं कसं सांगितलं?"

त्यानं चहा न पिताच कप खाली ठेवला. त्यानंतर जबाब लिहून घ्यायला फार वेळ लागला नाही. डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या उत्तरातही त्याचंच नाव आलं.

शिक्षिका बाई पुन्हा आल्या त्या मुलीला भेटायला. "मी तुझं नाव घेतलं, चुकलं माझं," एवढं म्हणून त्यांनी तिथंच खऱ्या साइटवर साडी नोंदवली. गल्लीतल्या बायकांनी मिळून एचवालं डोमेन मुलीच्या नावावर घेतलं. साइट अजून फुकटच्याच जागेवर आहे, दारावरची पाटी तेवढी स्वतःची झाली.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. जागा फुकटची चालेल, पण नाव आपल्याच नावावर असावं, मदत करणारा कितीही गोड असला तरी. आणि ज्या गोष्टीला लोक आपल्या गावाची चूक म्हणतात ती पुसायची घाई करू नये. निवृत्त झाल्यावर मी आक्काला पत्र लिहिलं. तेच इथे देतो.

"ती. सुशीलाआक्कास, सा. न. वि. वि.

वडगावच्या एका मुलीवर आळ आला होता, तो दूर झाला. तू माझं नाव बदलू दिलं असतंस तर मला तो एच दिसला नसता आणि त्या पोरीचं नाव आमच्या कागदावर चढलं असतं. कॉलेजात असताना मी तुझ्यावर रुसायचो. आता तुझे उपकार मानतो.

त्या मुलीकडे तुझ्यासाठी साडी सांगितली आहे, सगळ्या गिऱ्हाइकांसारखी, पूर्ण पैसे भरून. साडी मागावर चढली आहे, वेळ लागेल असं तिनं कळवलंय. पार्सल आलं की घाबरू नको, सही करून घे. आणि आक्का, पेटीत ठेवू नको. नेस.

तुझा,
मारुती"