फक्त पिवळ्या चौकटीत लिहा

वस्तू सगळ्यांच्या हाताला लागली पाहिजे, पण कुणाच्याही हातून बिघडता कामा नये, एवढ्या एकाच ध्यासावर अख्खं आयुष्य काढलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला. ते माझे थोरले मेव्हणे, बायकोचे सख्खे भाऊ. केजच्या एका शाळेत ते गणित शिकवायचे आणि मी मराठी. त्यांच्या घरी फोन आला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी डायलला चिमुकलं कुलूप लावलं. पण फोन ठेवला रस्त्याकडच्या खिडकीत, म्हणजे गल्लीतल्या कुणालाही फोन आला तर त्याला तो बाहेरूनच घेता यावा. ओट्यावरच्या रांजणाचं झाकण तारेनं आवळलेलं असे, तोटी मात्र येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी उघडी. वर्तमानपत्र ते दाभणानं शिवून खांबाला बांधत. "वाचा किती बी, नेऊ नका," एवढंच म्हणत. माझ्या लग्नात तर त्यांनी बुंदीच्या कोठीला कुलूप घातलं आणि खिडकीचा एक गज उपटून तिथून वाढप्यांना पराती दिल्या. बुंदी शेवटच्या पंगतीपर्यंत पुरली. गज काही पुन्हा बसला नाही, आणि त्या खिडकीतून पुढं वर्षभर गल्लीतलं मांजर हक्कानं ये-जा करत होतं.

चौकाचौकात एसटीडीच्या काचेच्या खोल्या उभ्या राहिल्या, त्या वर्षांत आमच्या शाळेतही एक कॉम्प्युटर आला. त्याच्या खोलीबाहेर आम्ही चपला काढायचो. मेव्हण्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं, दिवाळीची सुट्टी त्यात घालवली आणि निकालाचा तक्ता तयार केला. आडव्या ओळीत मुलाचं नाव, पुढं प्रत्येक विषयाची एकेक चौकट, शेवटी बेरजेची. गुण भरले की बेरीज आपोआप होई आणि पुढं पास की नापास तेही उमटे. आम्ही मास्तर लोक त्यांच्या खुर्चीमागं उभे राहून ते गारुड पाहत होतो.

नववीच्या वार्षिक परीक्षेचे मराठीचे गुण मी भरत होतो. मराठी हा शेवटचा विषय, त्याला लागूनच बेरीज. वीज जायची वेळ झाली होती, म्हणून मी घाई केली. एका मुलीच्या ओळीत बोट एक घर पुढं सरकलं आणि तिचे एकसष्ट गुण मराठीच्या ऐवजी बेरजेत जाऊन बसले. तिथलं सूत्र पुसलं गेलं. मराठीची चौकट रिकामी राहिली, म्हणजे मुलगी गैरहजर. बेरीज एकसष्ट, म्हणजे नापास. निकाल छापून फळ्यावर लागला. मशीननं काढलेला निकाल पुन्हा तपासावा, असं त्या काळी कुणाच्या मनातही येत नसे.

मुलगी नांदूरघाटहून रोज एसटीनं यायची. चार दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. त्यांचं गावात किराणा दुकान होतं. त्यांनी तक्रार केली नाही, तिचा दाखला मागितला. पोरीला आता घरीच बसवतो, एक स्थळ बी आलंय, असं खाली मान घालून म्हणाले. मेव्हणे तिथंच होते. त्या मुलीला गणितात किती पडलेत ते त्यांना पाठ होतं. एकदा पुन्हा बघू, असं ते म्हणाले, तेव्हा वडील म्हणाले, "मशीन खोटं कशाला बोलंल, सर? पोरगी बोलंल एखाद्या वक्ती."

मेव्हण्यांनी कपाटातून उत्तरपत्रिका काढल्या आणि कागदावर हातानं बेरीज मांडली. मुलगी वर्गात तिसरी आली होती.

मुख्याध्यापक तापले. गुण कुणी भरले, असं त्यांनी विचारलं. मी दाराशी उभा होतो. मेव्हण्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "तक्ता माझा हाय, सर. चूक माझी," ते म्हणाले. त्यांच्याकडून लेखी खुलासा घेतला गेला, आणि मी गप्प राहिलो. घरी जाताना मात्र ते माझ्या बरोबरीनं चालत म्हणाले, "दाजी, बोट घसरणारच. जिथं जायला नको तिथं त्याला मी जाऊ दिलं, हे माझं चुकलं."

पुढच्या परीक्षेला त्यांनी तक्त्याला पासवर्ड घातला, आणि एकाही मास्तराला एक आकडा भरता येईना. चित्रकलेच्या सरांनी तर आपल्यालाच मुद्दाम बंदी केली असं समजून रजेचा अर्ज टाकला. दोन दिवस मेव्हणे पुस्तकात डोकं घालून बसले. मग त्यांना कळलं, की मुळात प्रत्येक चौकट लॉकच असते. फक्त तक्ता संरक्षित केला की ते लॉक लागू होतं. म्हणून आधी गुणांच्या चौकटींचं लॉक काढायचं आणि मगच पासवर्ड घालायचा. गुणांच्या चौकटी त्यांनी पिवळ्या केल्या आणि भिंतीवर पाटी लावली: फक्त पिवळ्या चौकटीत लिहा. त्यानंतर त्या शाळेत एकही बेरीज चुकली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. ती मुलगी दहावी झाली, पुढं अंबाजोगाईला शिकायला गेली.

मेव्हणे निवृत्त होऊन धारूरला राहायला गेले. परवा त्यांच्याकडं गेलो, तेव्हा इतक्या वर्षांनी एकदाचं बोललो. म्हटलं, तो खुलासा मी लिहून द्यायला हवा होता, त्या दिवशी माझी जीभच उचलली नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"कसला खुलासा, दाजी? मला तर काई याद न्हाई," ते म्हणाले आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

हल्ली त्यांना बरंचसं आठवत नाही, असं वहिनी सांगतात. पण चहा पिताना त्यांनी मला सातवीच्या पुस्तकातलं एक प्रमेय पायरीपायरीनं म्हणून दाखवलं. निघताना ते उतारावरच्या एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले, माझा हात धरून, सावकाश. त्यांना आठवत होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. केजची गाडी लागलीच मिळाली आणि ती वळणाआड जाईपर्यंत ते तिथंच उभे होते.