बाजाराच्या दिवशी एक गोळी

सुमनताई खिल्लारे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या टेबलावर एक कळकट पिशवी उलटी होऊन. मी पुण्याहून नुकताच सिंदखेडराजा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. समोर मधुमेहाचे एक आजोबा बसले होते आणि मी मोठ्या ऐटीत त्यांचं औषध वाढवून देत होतो. तेवढ्यात औषधखिडकीमागून एक बाई उठून आल्या, त्यांनी आजोबांच्या हातातली पिशवी घेतली आणि माझ्या केसपेपरांवर रिकामी केली. साखरेच्या गोळ्यांच्या न उघडलेल्या चार पट्ट्या निघाल्या, शेजारणीच्या रक्तदाबाच्या गोळ्या निघाल्या, चष्म्याची एक काडी निघाली आणि शेवटी एक भलीमोठी गोळी.

"ते बैलाची हाय," आजोबा म्हणाले. "ते तिकडं ठेवा."

मी हादरलो. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, गोळी वाढवायच्या आधी, हाय ते पोटात जाते का, तेवढं पाहात जा."

या आमच्या दवाखान्याच्या फार्मासिस्ट, सुमनताई. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला. त्यांच्याबरोबर मी सात वर्षं काम केलं आणि त्या सात वर्षांत जितके धक्के खाल्ले तितके वैद्यकीय शिक्षणात खाल्ले नव्हते. त्यातला एक धक्का तर माझ्याच बाबतीतला. मला टायफॉइड झाला होता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, बरं वाटलं आणि मी गोळ्या सोडल्या. ताई भाकरी आणि वरणाचा डबा घेऊन खोलीवर आल्या, डबा बाजूला ठेवला आणि आधी माझी पट्टी मोजली. "तुमाले कोन डॉक्टर केलं?" असं त्यांनी विचारलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. पुढचे आठ दिवस डबा रोज आला आणि पट्टीही रोज मोजली गेली.

ताईंची एक पद्धत जिल्हाभर नावाजली होती. काही गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात. आमच्या भागात आठवडा वारांपेक्षा बाजाराने मोजतात. म्हणून ताई सांगत, "बाजाराच्या दिवशी एक गोळी." इतकं सोपं, की लोक विसरतच नसत. मी तर हे एका प्रशिक्षणात पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं आणि फुकटच्या टाळ्याही घेतल्या.

मग कांताबाई आल्या. हळद-मिरची विकणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, हाताची बोटं सुजून वाकडी व्हायला लागलेली. बुलढाण्याच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी त्यांना सांधेवातासाठी आठवड्याची गोळी सुरू केली होती. ती आमच्याकडून न्यायची होती. ताईंनी दोन महिन्यांच्या आठ गोळ्या दिल्या आणि नेहमीचं वाक्य सांगितलं.

दहाव्या दिवशी कांताबाई परत आल्या. अंगात ताप होता, तोंडभर फोड होते, पाणी गिळवत नव्हतं. मी बॅटरीने तोंड पाहिलं, 'तोंड आलंय' म्हणालो आणि मलम लिहून दिलं. हे मी लिहिलं, माझ्या हाताने. लिहून पुढच्या रुग्णाला बोलावलंसुद्धा.

त्या खिडकीशी गेल्या. ताईंनी सवयीप्रमाणे पिशवी मागितली.

"कांताबाई, बोटाच्या गोळ्या कुठी हायेत?"

"सरल्या. त्याच त पायजेत."

"सरल्या कशा? बाजाराच्या दिवशी एक सांगतली होती."

"हाव, तशीच घेतली. एक दिवस साखरखेर्डा, एक दिवस दुसरबीड, असे सहा बाजार करतो मी. शुक्रवारी घरी असतो, तवा नाई घेतली."

हे बोलणं कानावर पडून मी उठून खिडकीपर्यंत गेलो होतो. हातातली रिकामी पट्टी ताईंच्याने खाली ठेववेना. ही गोळी रोज पोटात गेली तर अंगात नवं रक्त तयार होणं थांबतं, माणूस दगावतो. आम्ही एरवी ओरडत असतो की रुग्ण ऐकत नाहीत. या बाईंनी शब्दन् शब्द ऐकला होता. ज्या बाईचा आठवडा म्हणजेच बाजार, तिला आम्ही बाजाराचा दिवस सांगितला होता.

ताईंनी स्वतः रुग्णवाहिका बोलावली आणि स्वतः तिच्यात बसल्या. मागोमाग मीही मोठ्या दवाखान्यात पोचलो. उतारा म्हणून इंजेक्शनं सुरू झाली होती, पण तिथले डॉक्टर काही खात्री देईनात. तिथेच मी ताईंना बाजूला घेऊन जे बोललो, त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हणालो, "ताई, नातेवाइकांना आत्ता काही सांगू नका. कागदावर 'आठवड्यातून एक' असंच लिहिलंय. कागद आपल्या बाजूने आहे."

ताई म्हणाल्या, "कागद वाचून नाई ना घेतली त्यायनं गोळी. माह्या तोंडून ऐकून घेतली."

आणि त्या सरळ कांताबाईंच्या मुलापुढे, गजाननपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "चूक माही हाय. तुही माय बरोबर वागली." गजानन त्यांना भर व्हरांड्यात नको नको ते बोलला. ताईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मलम लिहून देणारा मी शेजारी मुकाट उभा होतो. माझी चूक सांगायला मला आणखी दोन दिवस लागले आणि तेही ताईंकडे पाहून लाज वाटली म्हणून.

त्या आठवड्यात ताईंनी रजिस्टर काढलं. बाजाराचा दिवस सांगितलेली एकोणीस माणसं निघाली. त्या एकोणीसही घरी ताई आपल्या स्कूटीवरून गेल्या. एका आजींच्या गावचा बाजार तीन आठवडे भरलाच नव्हता, म्हणून त्यांनी हाडांची गोळी घेतलीच नव्हती. हे ऐकून मी डोक्याला हात लावला.

कांताबाई वाचल्या. पण घरी आल्यावर गजाननने त्यांची सगळी औषधं उकिरड्यावर फेकली. त्यात रक्तदाबाच्या गोळ्याही होत्या. वाचलेली बाई आता अर्धांगाने जायची भीती होती. ताई मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. गजानन दारातच आडवा झाला. "आता काऊन आल्या?" आतून कांताबाईंचा क्षीण आवाज आला, "येऊ दे बे त्यायले."

ताई बसल्या, हात जोडून माफी मागितली आणि रक्तदाबाची गोळी कशी घ्यायची ते नव्याने सांगू लागल्या. कांताबाईंनी त्यांना थांबवलं. "मांगं तुमी सांगतलं अन् मी ऐकलं. आता मी सांगतो, तुमी ऐका." मग त्यांनी आपला दिवस सांगितला. कधी उठतात, कोणत्या गाडीने जातात, भाकरी कुठे सोडतात, पाणी कुठे मिळतं. सगळं सांगून झाल्यावर हात पुढे केला. "आता सांगा, कवा घेऊ?" रक्तदाबाची गोळी भाकरी सोडताना घ्यायची, असं दोघींनी मिळून ठरवलं.

तेव्हापासून ताईंनी आधी रुग्णाचा दिवस ऐकल्याशिवाय गोळी दिली नाही आणि रुग्णाच्या तोंडून परत वदवून घेतल्याशिवाय पिशवी बांधली नाही. निवृत्तीनंतरही लोक पिशव्या घेऊन त्यांच्या ओट्यावर येतात. ही पद्धत ताईंची म्हणून ओळखली जाते. ताई मात्र ती कांताबाईंची असल्याचं सांगतात.

मी हा लेख लिहिणार हे कळल्यावर ताईंचा फोन आला. मला वाटलं, स्तुती कमी करा म्हणतील. त्या म्हणाल्या, "कांताबाईचं लिहा. माह्या नावासकट लिहा. नाई त लिहूच नका." गौरवग्रंथात स्वतःची सर्वांत मोठी चूक छापायला लावणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

म्हणून गेल्या आठवड्यात साखरखेर्ड्याच्या बाजारात कांताबाईंना भेटलो. लिहिलं तर चालेल का, असं विचारलं. "लिहा की," म्हणाल्या. ताईंना काही निरोप द्यायचा का, असंही विचारलं. मिरची पुड्यात बांधता बांधता त्या म्हणाल्या, "चुकनारे लई भेटले, डॉक्टर. घरी येऊन सांगनारी हे एकच. ते हाय तवरच मी गोळी घेतो."

मी चपापलो. अहो, औषध असं माणसावर अवलंबून ठेवायचं नसतं, ते कायम घ्यायचं असतं, असं समजावू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग त्यायले लई दिवस जगाले सांगा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

ताई, तो निरोप इथे पोचवतो. आपण निरोगी राहा आणि पुष्कळ जगा. यात आता आपल्या एकटीच्या आयुष्याचा प्रश्न राहिलेला नाही.