पोलक्याच्या शिवणीतलं कापड

मंडळी, शिंप्याला मापासाठी जुनं पोलकं पाठवणं ही आपली थोर परंपरा. भाचीच्या लग्नासाठी बायकोचं नवं पोलकं शिवायचं, म्हणून आज मीही जुनं घेऊन पिंपरीला निघालो होतो.

"ते नका नेऊ. त्यात आता माझ्यासारख्या दोघी मावतील," बायको म्हणाली. पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलीय, जीभ तेवढी शाबूत आहे.

मग घरीच टेप लावली. छातीचा आकडा बघून म्हणालो, "टेप खोटी दिसतेय."

"टेप बरोबर आहे, अहो. माप आत्ताचंच द्या. फक्त शिवणीत भरपूर कापड दाबून ठेवायला सांगा. बरी झाले की उसवून सैल करीन."

डॉक्टरांनी काय सांगितलं, ते तिला माहीत नाही.

शिंप्याने विचारलं, "आत किती कापड सोडू?"

"उरेल तेवढं सगळं," म्हणालो.

तुम्ही काय सांगितलं असतं?