जित्या हायत तेवढ्या

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं, "कुठं पडला?" लातूरच्या ज्या क्लासमध्ये तो जीवशास्त्र शिकवायचा, तिथले शिपाई म्हणाले, "पडले न्हाईत ताई. शिकवता शिकवता छातीत कळ आली." महिना होत आला, पण नांदेडच्या आमच्या घरी फोन वाजला की मी अजून दचकते. जन्मभर मी त्याच्या पडण्यालाच भीत आले होते...

भूकंप झाला तेव्हा निलंग्याजवळच्या आमच्या गावात दादा दहावीत होता. पुढे कितीतरी दिवस सगळं गाव अंगणात निजायचं. दिवेलागण झाली की दादा कंदिलापासून हलायचा नाही. घरात पाठवलं तर उंबऱ्यालाच अडखळायचा. "पोरानं धास्ती घेतलीय," आई म्हणायची. धास्ती तर अख्ख्या गावानं घेतली होती, त्याच्या डोळ्यांकडे कोण बघणार? अंगारे झाले, ताईत झाले. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं ते त्याला लातूरला नोकरी लागल्यावर. रोग आईकडून आलेला. रातांधळेपणानं सुरू होतो आणि मग नजर कडेकडेनं खात जातो. आईला आणि मला त्याचा काही त्रास नाही, आम्ही नुसत्या पुढे मुलग्यांपर्यंत पोचवणाऱ्या.

तरी गडी थट्टेखोर. "लातुरात पोरं डॉक्टर व्हायला येतात, मी पेशंट व्हायला आलो," म्हणायचा. गेल्या दिवाळीत मात्र त्यानं मला समोर बसवलं. "सुमे, माझ्या डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी एकेक करून मरत चालल्यात. उंदरांवर प्रयोग झालेत, एक प्रथिन डोळ्यात सोडलं की पेशी तग धरतात. माणसापर्यंत यायला वेळ हाय. पण मेलेल्या उठत न्हाईत, जित्या हायत तेवढ्याच वाचतात. माझं सोड. ओंकारचे डोळे दाखव."

ओंकार माझा मुलगा, आठ वर्षांचा. पोरगा मामावर गेलाय, असं सगळे कौतुकानं म्हणतात आणि मी तो कुठं अडखळतो का ते बघत राहते. "बघू की सुट्टीत," म्हणून मी विषय टाळला. तपासलं आणि निघालंच तर... तोवर तरी तो धडधाकट होता ना.

परवा ओंकारला घेऊन दादाची लातूरची खोली आवरायला गेले. दिवस कलला होता, दिवा लावण्याइतका अंधार अजून नव्हता. ओंकार दारातच थांबला, भिंत चाचपत म्हणाला, "आई, मामाच्या खोलीत आत्ताच अंधार पडला का गं?"

मला खुंटीवरचा दादाचा शर्ट दिसत होता. शर्टाची बटणंसुद्धा दिसत होती.