बैठक बघून घेतलेली होडी

सोफे दुरुस्त करण्यात सोफावाल्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण होडीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. तरी तो कयाकच्या, म्हणजे वल्हवायच्या छोट्या होड्यांच्या, दुकानात गेला, कारण बायकोची नजर झपाट्याने चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. दिसतंय तोवर एकदा तळ्याच्या मधोमध जाऊन काठ बघायचा, एवढीच तिची इच्छा. जन्मभर लोकांच्या सोफ्यांच्या खोळी शिवणाऱ्या बाईने मागून मागून मागितलं ते हे!

दुकानदार भला होता. नवशिक्यांनी रुंद, चपट्या बुडाची कयाक घ्यावी, निमुळती पळते छान पण डुलते फार, असं त्याने परोपरीने समजावलं. आमचा सोफावाला कसला ऐकतोय! त्याची आयुष्यभराची रीत एकच, बसून बघायचं. तो दुकानाच्या फरशीवरच एकेका कयाकमध्ये बसला, पाठ टेकली, फोम दाबून पाहिला. रुंद कयाकची बैठक नुसत्या प्लॅस्टिकची, टणक. एका जुन्या, निमुळत्या, दोघांच्या कयाकची बैठक मात्र अशी मऊ, की स्वारी खूश. वर ती स्वस्तही. अरे बाबा, फरशीवर काय डुलणार?

तळ्यावर बायको पुढे बसली, हा मागे. काठ सोडताच कयाक झुलायला लागली. घाबरून तिने दोन्ही हातांनी एकच कड पकडली आणि दोघंही पाण्यात पडली. पाणी गुडघाभरच होतं, लागलं काहीच नाही, पण तिने कानाला खडा लावला. दुकानदार जुनी वस्तू परत घेईना. रुंद कयाक कुठून तरी मागून आणतो म्हणून याने किती विनवण्या केल्या, ती तळ्याकडे फिरकली नाही. पुढे नजर गेली ती गेलीच.

कयाक आता त्याच्या कामाच्या खोलीत भिंतीशी पडून असते. दुपारी बायको चाचपडत येऊन तिच्यात बसते. सोफावाल्याच्या घरात धड सोफा नाही, बोला!

एकदा तिने विचारलं, "अहो, पाण्यातून काठ कसा दिसत होता हो?"

त्याच्या हातातली सुई थांबली.

"मी बघितलाच नाही गं. तू नीट बसलीस का, तेच बघत होतो."

तिने पाठ टेकली. मग बैठकीवरून हात फिरवत म्हणाली, "बैठक मात्र छान आहे हो."