मामाजींचा पंप

आमच्या मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, एका जागी बसणं ठाऊकच नाही. नाव चैनलाल, पण जिवाला चैन म्हणून नाही. चहाचा कप खाली ठेवायच्या आधी एक पाय सायकलच्या पायडलवर. शेतावर गेले, तिथून नहरेवर, म्हणजे कालव्यावर, नहरेवरून हायवेच्या ढाब्यावर. तिथे ट्रकवाल्यांना रायपूरचा भाव विचारायचा, कशाचा ते महत्त्वाचं नाही. मग शेजारच्या गावात कोणाच्या तरी पोरीची सोयरीक जुळवायला. घरी आले की आम्हालाच विचारणार, "काऊन, सारे बसूनच राहिले का?"

मागच्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका येऊन गेला. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं, उजव्या हाताची मूठ मात्र सैल राहिली. हँडलवर हात ठेवतात, पण घट्ट काही धरता येत नाही. तरी महिनाभरात गडी सायकलवर. आता नहरेची वाट म्हणजे दोन्ही बाजूंनी बाभळी. काटा लागला की फोन, आणि तोही मलाच.

"रविता बाई, सायकल बसली."

भात गॅसवर, मी स्कूटीवर. मामाजींना मागे बसवून आणायचं आणि सायकल मग भुवनेश्वरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आणायची. असं किती वेळा! एकदा धानाची मळणी चालू, मशीन भाड्याची, मजूर उभे, आणि तेवढ्यात फोन. त्या दिवशी भुवनेश्वर अंगणात सगळ्यांसमोर ओरडला, "बाबा, आता तुमाले आणाले जा लागलं ना, त सायकल विकतो. सांगून ठेवतो!"

मामाजी दुपारभर खाटेवर बसून राहिले. खरं सांगते, मला भीती वाटली. झटका आला तेव्हाही वाटली नव्हती तेवढी. हा माणूस बसला म्हणजे संपला, हे मला त्या दुपारी कळलं.

संध्याकाळी मीच म्हटलं, "मामाजी, पंक्चर तुमाले काढता येते ना?"

"लहानपणापासून येते. पण हवा कोण भरन? तुहा बाप?"

झालं, पंपाचं खूळ घरात शिरलं. आधी मी मोबाईलवरून मागवला. चकचकीत, खिशात मावणारा. पण त्याचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं, आमच्या जुन्या सायकलच्या बारीक व्हॉल्व्हवर ते बसेचना. फुस्स करून सगळी हवा माझ्याच तोंडावर. मामाजी इतके हसले की मला राग आला. दिला परत पाठवून.

मग गोंदियाला गेलो. सायकलच्या दुकानात मामाजींनी पंप असे पारखले, जणू जावई पाहायला आले. दुकानदार आधी हौशीने दाखवत होता. "चाचा, ये बैटरीवाला ले लो. बटन दबाओ, बस."

"अन् बॅटरी उतरली त?"

"चार्ज कर लो."

"नहरेवर कोण लाईन देते मले? बाभूळ?"

दुसरा हाताने मारायचा होता, लांब नळीचा. डाव्या हाताने दांडा दाबायचा, उजव्याने खाली नळी धरायची. मामाजींनी धरली. सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे पाठ केली. मी उगाच समोरच्या घंट्या वाजवून पाहत बसले.

दुकानदाराला काय ते समजलं. तो आतून पायाचा पंप घेऊन आला. घडी होणारा, झोळ्यात मावणारा. तोंडाला चाप, डाव्या हाताने दाबला की व्हॉल्व्हवर बसतो. मामाजींनी पाय मारला आणि चाक टणक झालं. "पाय त चालते माहा!" ते दुकानभर ऐकू जाईल असे म्हणाले. सायकलचा टायर झिजला होता, म्हणून नवा टायरही टाकून घेतला.

आठवडाभर सगळं बरं चाललं. मग एक दिवस मामाजी जेवायला आले नाहीत.

फोन वाजला की मी चिडायची, आता वाजत नाही म्हणून चिडले. भाजी गरम केली, झाकली, पुन्हा गरम केली. फाटकापर्यंत गेले, परत आले. मी फोन करावा तर त्यांना वाटेल पहारा ठेवते. न करावा तर हायवेवर ट्रक कसे सुटतात ते मला माहीत आहे. शेवटी नंबर लावला. उचलला नाही. बाप्पा! मी चप्पलसुद्धा नीट न घालता स्कूटी काढली.

मामाजी नहरेच्या वाटेवरच होते. सायकल उलटी ठेवलेली, बाजूला पंप, सोल्युशनची ट्यूब, घासपेपर, सगळं मांडून. टायर मात्र जिथल्या तिथे. नवा कोरा टायर, रिममधून काढायला दोन्ही अंगठ्यांचा जोर लागतो. पंपासाठी आम्ही सारा बाजार पालथा घातला, आणि हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यांची नखं फाटून रक्त आलं होतं.

"फोन काऊन नाही केला?" मी ओरडलेच.

"फोन केला असता त सायकल गेली असती," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात भुवनेश्वरचा फोन. "बाबा कुठी आहेत?"

"माझ्यासोबत आहेत," मी म्हटलं. "गावातच. सायकलचं काही नाही झालं."

मग मी स्कूटीतला पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढला आणि त्याच्या टोकाने टायर उपसला. मामाजी सांगत गेले, मी चिकटवत गेले. हवा त्यांनी भरली. आले ते सायकलवरूनच, मी मागून.

अंगणात भुवनेश्वर उभा होता. त्याने बापाची बोटं पाहिली. "हे काय झालं?"

"तार लागली," मी म्हटलं.

"कायले खोटं बोलतेस बाई," मामाजी म्हणाले. "पंक्चर झाली होती. टायर निघाला नाही माह्याच्यानं, इनं काढला. तू बोलला होता, शब्द म्हणजे शब्द. विक सायकल."

भुवनेश्वरने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता आमची दोघांचीही काही खैर नाही. पण तो सायकलजवळ उकिडवा बसला, चाकातली हवा सोडली आणि दोन्ही अंगठे टायरखाली घातले. दात आवळले, मान ताठ केली, "आ... आ..." केलं.

"नाही निघत बाबा."

"तुह्याच्यानंही?"

"माह्याच्यानंही नाही. लयच घट्ट टायर दिला त्यानं."

मामाजी त्याच्याकडे पाहतच राहिले. मग पुढे होऊन त्यालाच शिकवायला लागले, अंगठा असा धर, तसा नको धरू. धानाचं भरलेलं पोतं एकट्याने ट्रॉलीत फेकणारा माझा नवरा मान हलवून ऐकत होता. त्याच्या अंगठ्यांची नखंसुद्धा पांढरी झाली नव्हती.

"बरं," तो उठत म्हणाला, "टायर सैल होईस्तोवर फोन करत जा. पण हिले नको. मले करजा."